काळ्या मातीतला शोषखड्डा दर पावसाळ्यात तुंबतो: कारण, तपासणी आणि दुसरी सोय

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. एप्रिल-मेमध्ये चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा खणला. तळाशी मोठे गोटे, त्यावर गिट्टी, मधोमध भोकं पाडलेलं सिमेंटचं टाकं बसवलं आणि न्हाणी-मोरीचा पाईप त्यात सोडला. उन्हाळाभर पाणी कुठं गेलं ते कळलंही नाही. जुलैत झड लागली आणि चौथ्या दिवशी पाणी उलटं फिरून न्हाणीत आलं. दिवाळीनंतर खड्डा उपसला, गोटे धुतले, परत भरले. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. "भाऊ, उन्हाळ्यात बादल्याच्या बादल्या गिळे हा खड्डा, आता पाहा ना, वर येऊन राहिलं पाणी," हे वाक्य यवतमाळ-वर्ध्यापासून अकोल्यापर्यंत कुठल्याही गावात ऐकायला मिळेल.

गवंडी म्हणतो गोटे कमी पडले. शेजारी म्हणतो आणखी दोन फूट खोल करा. कोणी दुकानातून जिवाणूंच्या पावडरची पुडी आणून टाकतो. यातला खोल करण्याचा सल्ला सगळ्यात महाग आणि भारी काळ्या जमिनीत सगळ्यात कमी कामाचा. तिथं सांडपाणी खाली पाठवायच्या नादी लागू नये. ते उथळ ठेवावं, आडवं पसरवावं आणि मुळांच्या हवाली करावं. असं का आणि ते कसं, हे खाली सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यातला खड्डा फसवतो

आपली कपाशीची काळी माती चिकणमातीच आहे, आणि ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात ज्या भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या, तशाच भेगा अंगणाखालीही असतात. त्या दिवसांत खणलेल्या खड्ड्यातलं पाणी मातीतून झिरपत नसतं, भेगांतून पळत असतं. पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की माती फुगते आणि भेगा मिटतात. तिथून पुढं पाणी खरोखर मातीच्या कणांमधून जायला लागतं, आणि तो वेग फारच कमी असतो.

किती कमी, ते आकड्यात पाहू. सांडपाणी रोज सोडत राहिलं तर चिकणमातीचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला साधारण 10 लिटर पाणी घेतो, असं शोषखड्ड्याचं गणित करताना धरतात. रेताड पोयट्याला हाच आकडा 30 आहे, रेतीला 50. आता 1.2 मीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घ्या. चारही बाजू मिळून 5.76 चौरस मीटर, तळ 1.44, म्हणजे एकूण 7.2. काळ्या मातीत हा खड्डा दिवसाला फार तर 72 लिटर पाणी पचवणार. नळाला माणशी 55 लिटर येतात असं धरलं (जल जीवन मिशनचा ठरलेला आकडा तोच आहे), तर पाच माणसांच्या घरात 275 लिटर पाणी येतं आणि त्यातलं अंदाजे 200 लिटर न्हाणी-मोरीतून बाहेर पडतं. येणार 200, जाणार 72. उरलेलं गोट्यांच्या फटीत साठतं, आणि फटींची एकूण जागा साडेसहाशे-सातशे लिटरच्या वर नसते. झडीत माती पूर्ण भिजली आणि शोषण जवळजवळ थांबलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्डा काठोकाठ भरतो. तुमचा खड्डा बिघडलेला नसतो, तो त्या मातीला पुरणारा नसतोच.

हाच खड्डा रेताड किंवा मुरमाड जमिनीत व्यवस्थित चालतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीहून जो मॅजिक पिट नावाचा शोषखड्डा सगळीकडे गेला तो काही खोटा नाही. एकच नकाशा सगळ्या मातीला लावणं चूक आहे.

आधी तुमचा रोग कोणता ते ओळखा

खर्च करण्याआधी एवढंच आठवा: पाणी कधी तुंबतं?

फक्त पावसाळ्यात तुंबत असेल, तर वर सांगितलेलं कारण आहे, किंवा छताचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी खड्ड्यात घुसतंय. दुसरी गोष्ट आधी पाहा, कारण ती फुकटात दुरुस्त होते. कवेलूंची किंवा टिनांची पागोळी खड्ड्यावर पडत असेल, तर 20 चौरस मीटर छतावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 लिटर पाणी. कुठलाच खड्डा ते पेलणार नाही. खड्ड्याभोवती वीतभर उंच मातीचा बांध घाला आणि पागोळीचं पाणी दुसरीकडे वळवा.

बाराही महिने तुंबत असेल, अगदी मार्चमध्येसुद्धा, तर गाळाने तोंड बंद झालंय. सणावाराला, पाहुणे आले की किंवा गोधड्या धुण्याच्या दिवशीच तुंबत असेल, तर खड्डा लहान आहे एवढंच.

आता गाळाचं सांगतो, कारण जुना खड्डा उघडला की ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. वरचे गोटे काढले की खाली करड्या रंगाचा लगदा सापडतो. चिमटीत धरून चोळा. कचकच लागली तर ती चुलीची राख, भांडी घासलेली. तेलकट लागलं तर फोडणीचं तेल आणि साबण मिळून झालेला मेणासारखा चिकटा. केस आणि कपड्यांचे धागे या दोघांना धरून ठेवतात. त्याखाली, गोटे जिथं मातीला टेकतात तिथं, काळा बुळबुळीत थर असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा थर जिवाणूंचा. पाणी सतत साचून हवा मिळाली नाही की तो जाड होत जातो आणि माती झाकून टाकतो. पावडरच्या पुडीने राख विरघळत नाही आणि फुगलेली चिकणमाती मोकळी होत नाही. ॲसिड किंवा ब्लीचिंग ओतून तर काहीच साधत नाही, उलट पुढं झाडं लावायची सोय जाते. त्या थरावर खरा इलाज म्हणजे हवा. खड्डा चार-सहा महिने कोरडा राहिला की थर आपोआप मरतो आणि माती पुन्हा थोडंफार पाणी घ्यायला लागते. म्हणून एकच खड्डा पुन्हा पुन्हा उपसण्यापेक्षा दोन जागा करून आळीपाळीने वापरणं शहाणपणाचं.

चौथं एक कारण आहे, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: सोडियम. धुण्याचा सोडा आणि स्वस्त कपडे धुण्याची पावडर यांत सोडियम भरपूर असतं. चिकणमातीत सोडियम वाढलं की तिचे कण सुटे होतात, फटीत जाऊन बसतात आणि माती सिमेंटसारखी बंद होते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीचं हेच दुखणं आहे. आपण घरामागे चार चौरस मीटरचा खारपाणपट्टा स्वतः तयार करत असतो. धुण्याचा सोडा बंद करा, पावडर मोजून घ्या. आणि शेतकरी खारवट जमिनीला जे जिप्सम टाकतात, तेच पावसाळ्याच्या तोंडाशी चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो पसरून मातीत मिसळा.

माती ओली करून तपासा

नवी जागा निवडताना वितभर रुंद, दीड फूट खोल भोक खणा. फावड्याने किंवा सबलीने खणताना ओली चिकणमाती घासली जाऊन भिंती गुळगुळीत होतात. त्या खिळ्याने ओरबाडून खरबरीत करा, नाहीतर पाणी भिंतीत शिरतच नाही. (खड्डा किंवा चर खणतानाही हेच करायचं.) मग भोक पाण्याने भरा आणि रात्रभर, उन्हाळा असेल तर पुरे 24 तास, भरून ठेवत राहा. मातीला फुगू द्यायचं आहे. दुसऱ्या दिवशी सहा इंच पाणी ठेवून आत काडी रोवा, खूण करा, आणि पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर साधा शोषखड्डा चालेल. तासाभराच्या आत उतरलं तर चर चालतील. त्याहून जास्त वेळ लागला तर जमिनीवर उचललेला वाफा करावा लागेल. अगदी भारी काळ्या रानात तर सकाळी भरलेलं पाणी जेवणवेळेपर्यंत इंचभरही हललेलं नसतं, तेव्हा निकाल काय लागेल याची तयारी ठेवा.

करायचं काय: टाकी, चर आणि झाडं

पहिली गोष्ट गाळाची टाकी. हिच्याशिवाय पुढचं सगळं दोन वर्षांत बंद पडतं, म्हणून पैसे कमी असतील तर बाकी काही न करता एवढीच करा. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल चेंबर, आतून गिलावा, वर उचलता येईल असं झाकण. पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपला आतल्या बाजूने टी (T आकाराचा जोड) लावा आणि तिचं खालचं टोक पाण्यात फूटभर बुडू द्या. तेल वर तरंगतं, राख तळाला बसते, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी टीमधून बाहेर पडतं. न्हाणीच्या तोंडाशी जाळी. मोरीत खरकटं पडण्याआधी भांडं उकिरड्यावर झटकायचं. टाकी महिन्यातून एकदा उघडून वरचा चिकटा झाऱ्याने काढा आणि खालचा गाळ उपसून उकिरड्यात टाका. राखेने भांडी घासणाऱ्या घरात हे पंधरा दिवसांनी करावं लागतं.

टाकीनंतर दोन चर. प्रत्येक साधारण दहा मीटर लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. अंगण लहान असेल तर वळवून घ्या, सरळच पाहिजे असं नाही. दोन्ही चरांच्या नुसत्या बाजू मोजल्या तरी 18 चौरस मीटर भरतात, म्हणजे त्या चौकोनी खड्ड्याच्या तिप्पट. खणाई दुपटीहून जास्त आहे हे खरं, पण दीड फुटापर्यंतच खणायचं असल्याने घरची माणसं करू शकतात. आणि या खोलीत मुळं पोचतात, ऊन पोचतं, हवा पोचते. चार फुटांवर यातलं काहीच पोचत नाही.

चराचा तळ एका पातळीत हवा. गवंड्याचा लेव्हल पाईप घेऊन दर दोन मीटरवर खुंट्या मारा. तळाला उतार राहिला तर सगळं पाणी शेवटच्या टोकाला जाऊन तिथंच डबकं होतं. आत गिट्टीच पाहिजे असं नाही. विटांचे रोडे, फुटकी कवेलू, नारळाच्या करवंट्या चालतात, आणि आपल्याकडे दर वर्षी जे जाळलं जातं ते तुराट्यांचं वितभर लांबीचं तोडणही चालतं. तुराट्या तीन-चार वर्षांत कुजतात, मग तो चर उकरून खत म्हणून वावरात टाकायचा आणि नव्या भरायच्या. पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांबद्दल, मात्र सावध. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून बोंडासकट पऱ्हाटी घराजवळ आणू नका. बोंडं काढून बारीक केलेली असेल तर हरकत नाही.

भरावाच्या वरच्या थरातून भोकं पाडलेला पाईप टाका, त्यावर जुनं तागाचं पोतं अंथरा आणि वर अर्धा फूट माती. प्लॅस्टिकचा कागद घालू नका. पाणी वरून उडालंही पाहिजे. मातीवर कुटाराचा (भुशाचा) जाड थर द्या. पाणी कुठंही उघडं दिसता कामा नये. गढूळ, घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो तो हाच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा इथं हा रोग जुना आहे, तिथं दारातली साचलेली नाली नुसती घाण म्हणून सोडून देता येत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

टाकी आणि चर यांच्यामध्ये एक लहान चेंबर ठेवून दोन पाईप काढा आणि एकाला बूच लावा. पंधरा दिवस हा चर, पंधरा दिवस तो. झडीच्या दिवसांत दोन्ही उघडे.

आता झाडं. चरांच्या दोन्ही अंगाला केळी, कर्दळ, पपई. केळीला आणि कर्दळीला पाय ओले राहिलेले चालतात. पपईला चालत नाहीत, म्हणून ती चरापासून दोन हात लांब, उंचवट्यावर लावा. लिंबूही तसाच दूर. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर या पाण्यावर घेऊ नका; पाणी पानाला किंवा कंदाला लागतं. लहान मुलाची लंगोटी धुतलेलं पाणी संडासात ओता, मोरीत नको.

झाडं सगळं पाणी पिऊन टाकतील असं कोणी सांगितलं तर हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर. दाट हिरवा वाफा दिवसाला पाच-सहा मिलिमीटर उडवतो असं धरलं तर 20 चौरस मीटरवरून 100 ते 120 लिटर. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला 10 मिलिमीटरहून जास्त बाष्पीभवन होतं, तेव्हा याहून जास्त. पण जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवेत झाडं फार थोडं उडवतात आणि वरून पाऊस पडतच असतो. म्हणून झाडांच्या जोडीला चरांच्या बाजूंचं शोषण लागतंच, आणि जुना खड्डाही बुजवू नये. तो उपसून, साफ करून उन्हाळाभर कोरडा ठेवा, आणि चरांच्या शेवटच्या टोकाचा जादा पाण्याचा पाईप त्यात सोडा. झडीच्या चार दिवसांचं ओझं तो घेईल. आठ महिने त्याला विश्रांती मिळते, म्हणून तो टिकतो.

जिथं हे जसंच्या तसं चालत नाही

चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर तुमचं काम सोपं आहे. काळ्या थरातून खड्डा खाली मुरमात न्या, वरच्या काळ्या भागाला विटांचं अस्तर करून माती ढासळू देऊ नका, आणि पाणी मुरमातच जिरवा. पण खाली फुटका काळा दगड असेल तर पाणी फटींतून न गाळताच दूर जातं. विहीर किंवा हापशी निदान 50 फूट लांब हवी, अशा दगडात त्याहून जास्त. सुकलेल्या बोअरमध्ये किंवा पडक्या विहिरीत सांडपाणी सोडणं हे अख्ख्या मोहल्ल्याच्या पिण्याच्या पाण्यात सोडण्यासारखं आहे. ते कोणी करत असेल तर थांबवा.

खारपाणपट्ट्यात आणि धानपट्ट्यात, म्हणजे एकीकडे पाणी शिरतच नाही आणि दुसरीकडे पावसाळ्यात भूजल हातभरावर येतं, तिथं, आणि वरच्या तपासणीत तासाहून जास्त वेळ लागला तिथंही, खणू नका, वर उचला. फूट-दीड फूट उंचीचा, विटांनी किंवा दगडांनी बांधलेला वाफा, आत मुरूम-रेती, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. टाकीचं पाणी त्यात उताराने गेलं पाहिजे, म्हणून न्हाणीचा ओटा उंच असणं गरजेचं. नवं घर बांधत असाल तर जोत्याच्या वेळीच हा विचार करा, नंतर जमत नाही.

घरं दाटीवाटीची, परसच नाही, अशा ठिकाणी दहा-पंधरा घरांनी मिळून गिट्टी भरलेला, झाडं लावलेला एक वाफा करावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर आहे: पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखालून वाहतं, मुळांतून गाळलं जातं आणि उघडं पडत नाही. पण अशा सामाईक वाफ्याची टाकी कोण उपसणार, ते आधी नावानिशी ठरवा. ते ठरलं नाही तर वर्षभरात पुन्हा नालीच होते.

संडासाचं पाणी वेगळं

वरचं सगळं फक्त न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी. संडासाचा पाईप चुकूनही चराला जोडू नका, आणि न्हाणीचा पाईप संडासाच्या खड्ड्याला जोडू नका. बऱ्याच घरांत संडासाचा खड्डा लवकर भरतो तो याच कारणाने: दिवसाला 40-50 लिटरचा हिशेब धरलेल्या खड्ड्यात 250 लिटर सोडलेले असतात.

काळ्या मातीत दोन खड्ड्यांचा संडास चालतो, पण जाळीच्या विटकामाबाहेर चहूबाजूंनी फूटभर रुंद रेती-गिट्टीचा थर भरावा लागतो. बांधताना नेमका हाच गाळला जातो, कारण भिंत उभी राहिल्यावर तो दिसत नाही. म्हणून माती लोटण्याआधी स्वतः उभं राहून पाहा. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर ठेवा, एका वेळी एकच वापरा. पहिला भरला की बंद करून निदान दीड-दोन वर्षं सोडा, मग आतलं खत कोरडं आणि बिनवासाचं निघतं. सेप्टिक टाकी बांधली असेल तर तिच्यातून येणारं पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलंच असतं. ते नालीत सोडू नका. त्यासाठी रेतीच्या थराचा वेगळा चर करा आणि त्यावर फक्त कर्दळीसारखी न खाण्याची झाडं लावा.

पैशाचं: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या 2020 साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद धरली होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामावरच खर्चायच्या) निधीत स्वच्छतेचा वाटा ठेवलेला होता आणि शोषखड्ड्याची खणाई रोजगार हमीतूनही होत आली आहे. अडचण अशी की अंदाजपत्रक बहुतेक त्या चौकोनी खड्ड्याचंच तयार असतं. ग्रामसभेत जाताना ओल्या मातीच्या तपासणीची नोंद सोबत न्या: कोणत्या जागी, किती खोलीवर, एक इंच उतरायला किती वेळ. चार घरांच्या अशा नोंदी इंजिनीअरसमोर ठेवल्या की चराचं किंवा उचललेल्या वाफ्याचं अंदाजपत्रक मागायला आधार मिळतो.

काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका, म्हणजे पावसाळ्याआधी केळी गुडघाभर झालेली असते. पहिल्या जुलैत चरावर कुठं ओल फुटते का ते पाहा. एकाच जागी फुटली तर तिथं पाईप बसलाय किंवा तळ खाली गेलाय. तेवढाच दोन मीटर उकरून लेव्हल करा. सगळीकडे फुटली तर तिसरा चर हवा.